गाडी घरची, खर्च धंद्याचा

(स्वतंत्र व्यावसायिकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दसऱ्याला नवी गाडी घरी आणणे ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात आता जवळजवळ प्रथाच झाली आहे. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि शेजाऱ्यांना पेढे. त्या दिवशी कोणाच्याही मनात प्राप्तिकर कायदा येत नाही आणि येऊही नये. परंतु गाडी घेणारा गृहस्थ नोकरदार नसून स्वतःचा व्यवसाय करणारा असेल, तर त्या दिवसापासून ती गाडी दोन ठिकाणी उभी राहते. एक दारात आणि दुसरी विवरणपत्रात. दारातल्या गाडीवर रोज फडके फिरते. विवरणपत्रातल्या गाडीकडे मात्र वर्षातून एकदा, मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात, कागदांच्या पिशवीतून सापडतील तेवढ्या पावत्या घेऊन पाहिले जाते. चुका होतात त्या तिथे.

असा एक विमा प्रतिनिधी डोळ्यांसमोर आणावा. कराडसारख्या गावात राहणारा, पंधरा-वीस वर्षे विम्याच्या पॉलिसी देणारा, साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ग्राहक सांभाळणारा. एक मुलगी उच्च शिक्षणाच्या उंबरठ्यावर. 2022 सालच्या दसऱ्याला, म्हणजे 5 ऑक्टोबरला, त्याने आठ लाखांची मोटार घेतली. दोन लाख रोख जमवलेले, सहा लाखांचे बँकेचे कर्ज. 31 मार्च 2023 रोजी संपलेल्या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र त्याच्या कर सल्लागाराने वेळेत भरले. त्यात वाहनाच्या खात्यावर दाखवलेली रक्कम होती 2,94,275 रुपये. सप्टेंबर 2023 मध्ये मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली, तेव्हा त्याने स्वतःचे विवरणपत्र आयुष्यात प्रथमच मुळापासून वाचले. (सही करणारा आणि वाचणारा यांच्यात आपल्याकडे बरेच अंतर असते.)

त्या 2,94,275 रुपयांत काय काय होते? पेट्रोलचे 72,000 रुपये. विमा आणि सर्व्हिसिंगचे मिळून 38,000 रुपये. कर्जाच्या पाच हप्त्यांचे 62,275 रुपये. पंधरा टक्के घसाऱ्याचे 1,20,000 रुपये. आणि वाहतूक पोलिसांच्या ई-चलानांचे 2,000 रुपये. एकेक आकडा पाहिला तर प्रत्येकामागे खरोखर गेलेला पैसा किंवा कायद्यातील एखादी खरी तरतूद आहे. यातली एकही पावती खोटी नाही. तरीही या पाचांपैकी एकही रक्कम जशी लिहिली तशी योग्य नव्हती. स्वतंत्र व्यावसायिकाच्या वाहनखर्चाची गंमत हीच आहे. खर्च खरा असतो, मागणी चुकीची असते.

हप्त्यांपासून सुरुवात करावी, कारण सर्वांत जास्त पाय तिथेच घसरतो. बँकेला दिलेला हप्ता हा दोन वेगळ्या गोष्टींचा एकत्र बांधलेला गठ्ठा आहे. त्यातील व्याज हा खर्च, मुद्दल ही केवळ उसने घेतलेल्या पैशाची परतफेड. नऊ टक्के दराने, पाच वर्षांच्या मुदतीच्या या कर्जात पहिल्या पाच हप्त्यांतील व्याज भरते 21,899 रुपये. उरलेले 40,376 रुपये मुद्दलाचे. गाडीची किंमत व्यवसायाला घसाऱ्याच्या रूपाने दरवर्षी थोडी थोडी मिळतच असते. त्याच किमतीसाठी काढलेल्या कर्जाचे मुद्दल पुन्हा खर्चात टाकणे म्हणजे एकाच गाडीची किंमत दोनदा वसूल करणे. सल्लागाराने बँकेच्या पासबुकातून हप्त्याची रक्कम उचलली आणि व्याजाचे प्रमाणपत्र मागवायचे राहून गेले. बँकेकडून वर्षअखेरीस मिळणारा तो एक कागद ही चूक टाळू शकला असता.

घसाऱ्याची कथा अधिक रंजक आहे. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर घसाऱ्याचा दर 15 टक्के. पण गाडी त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी काळ व्यवसायासाठी वापरली गेली असेल, तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच मिळतो. आता 5 ऑक्टोबर 2022 पासून 31 मार्च 2023 पर्यंत दिवस मोजावेत. दोन्ही टोकांचे दिवस धरूनही 178 भरतात. दोन दिवस कमी! त्या वर्षी घटस्थापना 26 सप्टेंबरची होती. नवरात्राच्या पहिल्या माळेला गाडी बाहेर निघाली असती तर पूर्ण 1,20,000 रुपयांचा घसारा मिळाला असता. विजयादशमीला निघाली म्हणून 60,000. मुहूर्त बदलावा असे कोणी म्हणणार नाही, शिवाय न मिळालेला घसारा बुडत नाही, शिल्लक किमतीवर पुढील वर्षांत मिळत राहतो. मात्र सल्लागाराच्या संगणकात खरेदीच्या तारखेच्या जागी नुसते वर्ष भरले गेले आणि पूर्ण दर लागला. आणखी एक घोळ या निमित्ताने सांगितला पाहिजे. 23 ऑगस्ट 2019 ते 31 मार्च 2020 या काळात घेतलेल्या आणि वापरात आणलेल्या मोटारींना 30 टक्के दर दिला गेला होता. ती सवलत त्या तारखेला संपली, परंतु तिचा दर काही जणांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीचा 30 टक्के दर घरच्या गाडीला लावणारेही भेटतात.

चलानाचे दोन हजार रक्कम म्हणून किरकोळ आहेत, पण तत्त्व म्हणून नाहीत. ग्राहकाकडे वेळेत पोहोचण्यासाठीच वेग वाढवला होता, हे खरे असू शकते. तरीही कायद्याने गुन्हा ठरवलेल्या कृतीवरील खर्च व्यवसायाचा खर्च मानायचा नाही, असे कलम 37 चे स्पष्टीकरण निःसंदिग्धपणे सांगते. नियम मोडल्याबद्दल सरकारने दंड करायचा आणि त्याच दंडाचा एक हिस्सा करसवलतीच्या रूपाने सरकारनेच परत द्यायचा, हे कोणत्याही व्यवस्थेत बसणारे नाही.

आणि आता मूळ प्रश्न. ही गाडी व्यवसायाची किती आणि घराची किती? कलम 38 म्हणते की मालमत्ता पूर्णपणे व्यवसायासाठी वापरली जात नसेल, तर वापराच्या योग्य प्रमाणातच खर्च आणि घसारा मिळेल. वाक्य साधे आहे, पण त्याच्या उत्तरासाठी गृहस्थाला स्वतःच्या आयुष्याकडे तटस्थपणे पाहावे लागते. सोमवारी सकाळी ग्राहकाकडे जाणारी तीच गाडी रविवारी सासुरवाडीला जाते. मुलीला क्लासला सोडून पुढे प्रीमियमचा धनादेश आणायला जाते. नाताळच्या सुटीत गणपतीपुळ्याला जाते. ‘सगळा धंद्याचाच वापर हो,’ असे म्हणणाऱ्याच्या मनात खोटेपणा असतोच असे नाही. व्यवसाय आणि संसार एकाच छपराखाली चालणाऱ्या घरात ती रेघ कोणी कधी ओढलेलीच नसते.

आपल्या विमा प्रतिनिधीने ती रेघ मागाहून ओढली. वाहनाची नोंदवही त्याने ठेवली नव्हती. पण व्यवसायामुळे त्याच्याकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे भेटींची डायरी. कोणत्या दिवशी कोणत्या गावी कोणाकडे, हे त्यात होते. प्रस्ताव अर्जांवरच्या तारखा होत्या. शिवाय फास्टॅगचे खाते होते. कराडहून साताऱ्याकडे जाताना तासवड्याचा नाका, कोल्हापूरकडे जाताना किणीचा नाका, प्रत्येक फेरीची तारीख आणि वेळ तिथे आपोआप उमटलेली. त्याने तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. जिथे डायरीत भेट होती आणि नाक्यावर नोंद होती, ती फेरी व्यवसायाची. जिथे नाक्यावर नोंद होती आणि डायरीचे पान कोरे होते, तिथे त्याने प्रामाणिकपणे ‘घर’ असे लिहिले. एका रविवारी आनेवाडीच्या नाक्यावरची नोंद सापडली, पुण्यातल्या एका लग्नाची. तीही घराकडे गेली. सर्व्हिसिंगच्या बिलांवरून सहा महिन्यांत गाडी 10,800 किलोमीटर चाललेली दिसत होती. त्यातले व्यवसायाचे भरले 7,560. म्हणजे 70 टक्के.

हा आकडा टिकेल का, याची त्याने आणखी एक तपासणी केली. 72,000 रुपयांचे पेट्रोल, लिटरला सुमारे 106 रुपये धरले तर साधारण 680 लिटर. दहा हजार आठशे किलोमीटरला 680 लिटर म्हणजे लिटरला जवळपास सोळा किलोमीटर. त्या गाडीसाठी अगदी रास्त. हेच गणित छाननी करणारा अधिकारीही करू शकतो आणि पेट्रोलच्या पावत्या गोळा करून फुगवलेला खर्च याच जागी उघडा पडतो. गाडी लिटरला सहा किलोमीटर चालल्याचे दाखवणारे विवरणपत्र स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देते.

मग नवा हिशेब असा झाला. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग मिळून 1,10,000. व्याज 21,899. घसारा 60,000. एकूण 1,91,899, त्याचे 70 टक्के 1,34,329. मूळ मागणी होती 2,94,275. फरक 1,59,946 रुपये. जुन्या करप्रणालीत त्याचे करपात्र उत्पन्न सात लाख दाखवले होते, ते 8,59,950 झाले. वीस टक्के दर आणि उपकर धरून वाढीव कर 33,270 रुपये. यातले 7,400 रुपये तर परतावा म्हणून त्याच्या खात्यात जमाही झाले होते. बारा लाख चाळीस हजारांच्या कमिशनवर 62,000 रुपयांचा कर मुळातून कापला गेला होता आणि मूळ विवरणपत्राप्रमाणे त्यातला तेवढा जास्तीचा ठरला होता.

येथे घरात जे बोलणे झाले असेल त्याची कल्पना करणे अवघड नाही. सल्लागार म्हणाला असेल, ‘साहेब, परतावा आला, फाइल बंद झाली. एवढ्याशा रकमेला कोण विचारतो? उगाच झोपलेल्याला उठवू नका.’ हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे लबाडीपेक्षा आळस अधिक असतो. पण हा गृहस्थ विमा विकणारा होता. प्रस्ताव अर्ज भरताना मधुमेह लपवू नका, रक्तदाब लपवू नका, आज लपवलेली गोष्ट उद्या दावा नाकारला जाताना तुमच्या बायकोसमोर उभी राहील, हे तो वर्षानुवर्षे लोकांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगत आला होता. स्वतःच्या अर्जातली लपलेली गोष्ट त्याला त्याच भाषेत दिसली. शिवाय बँकेपुढे तीच विवरणपत्रे मुलीच्या कर्जासाठी जाणार होती. करासाठी उत्पन्न कमी आणि कर्जासाठी उत्पन्न जास्त, अशी दुहेरी इच्छा बाळगणारे अनेक असतात. एकाच कागदाने ती दोन्ही कामे होत नाहीत.

कायद्याने त्याच्यासाठी दरवाजा उघडा ठेवला होता. करनिर्धारण वर्ष 2023-24 चे सुधारित विवरणपत्र कलम 139(5) खाली 31 डिसेंबर 2023 पर्यंत भरता येत होते. दंड नाही, खुलासा मागणारे पत्र नाही. वाढीव कर आणि आगाऊ कर कमी भरल्याबद्दलचे, त्याच्या बाबतीत साडेतीन हजारांच्या आसपासचे व्याज भरायचे, मूळ विवरणपत्राचा पावती क्रमांक आणि तारीख नव्या अर्जात लिहायची आणि पुन्हा पूर्ण विवरणपत्र भरायचे. ‘पूर्ण’ या शब्दाकडे दुर्लक्ष होऊ नये. सुधारित विवरणपत्र म्हणजे शुद्धिपत्र नव्हे, ते मूळ विवरणपत्राची जागा घेते. व्यवसायाचे उत्पन्न दाखवणाऱ्या आयटीआर-3 मध्ये खासगी स्वरूपाच्या खर्चासाठी आणि कायदाभंगाच्या दंडासाठी स्वतंत्र रकानेच आहेत. फॉर्म करणाऱ्यांना करदात्याची नेमकी खोड ठाऊक होती म्हणायची. भरल्यानंतर तीस दिवसांच्या आत ई-पडताळणी करायची. ती राहिली तर केलेले सगळे श्रम पाण्यात जातात.

अनेक जण या टप्प्यावर भलत्याच दारात जातात. संकेतस्थळावर ‘दुरुस्ती’ असा शब्द दिसतो, कलम 154 ची. ती वाट वरवर पाहताच दिसणाऱ्या चुकीसाठी आहे. कापलेल्या कराची रक्कम जुळली नाही, गणनेत आकडा चुकला, अशा गोष्टींसाठी. गाडीचा घरगुती वापर 30 टक्के होता हे कागद पाहून कोणाला दिसणार? त्यासाठी विवरणपत्रच बदलावे लागते.

डिसेंबर उलटला असता तर? त्यासाठी 2022 च्या वित्त कायद्याने अद्ययावत विवरणपत्राची सोय केली, कलम 139(8A). तिथे मात्र उशिराची किंमत मोजावी लागते. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर आणखी 25 टक्के, दुसऱ्या बारा महिन्यांत 50 टक्के. 2025 च्या वित्त कायद्याने मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली, तिसऱ्या वर्षासाठी 60 आणि चौथ्यासाठी 70 टक्के. याच गृहस्थाने जुलै 2024 मध्ये चूक सुधारली असती तर साडेनऊ-दहा हजार जास्त गेले असते. मार्च 2026 मध्ये सुधारली असती तर बावीस हजारांच्या आसपास. आणि त्या वर्षाची छाननी सुरू झाली असती, तर ही वाट बंदच झाली असती. मग कलम 270अ. उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल त्यावरील कराच्या 50 टक्के दंड आणि चुकीची माहिती देऊन कमी दाखवले असेल तर 200 टक्के. कोणत्याही पुराव्याचा आधार नसलेला खर्च मागणे हे या दुसऱ्या, जड प्रकाराच्या यादीत कायद्याने नाव घेऊन घातले आहे. 33,270 रुपयांच्या करावर 66,540 रुपये दंड. भेटींची डायरी आणि फास्टॅगची नोंद यांचे मोल इथे कळते.

चूक नेहमी सरकारच्या तोट्याचीच असते असेही नाही. एखादी वकील बाई हिशेबाची पुस्तके ठेवते आणि गाडीचा विमा व घसारा मागायचाच विसरते. विसरली म्हणजे हक्क राखून ठेवला, अशी तिची समजूत असेल तर ती चुकीची आहे. करदात्याने मागितला असो वा नसो, घसारा दिला गेला असेच कायदा मानतो आणि पुढील वर्षी शिल्लक किंमत तेवढी कमी धरतो. न मागितलेला घसारा असा हातातून निसटतो. बरे, छाननीच्या वेळी साध्या पत्राने तो मागावा, तर गोएत्झे (इंडिया) लिमिटेडच्या प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, नवी मागणी सुधारित विवरणपत्राखेरीज करनिर्धारण अधिकारी विचारात घेऊ शकत नाही. अपिली न्यायाधिकरणाचे अधिकार मात्र त्या निकालाने अबाधित ठेवले. आणि अद्ययावत विवरणपत्र कर वाढवण्यासाठी असते, परतावा मागण्यासाठी नव्हे. म्हणजे स्वतःच्या नुकसानीची चूक सुधारायची तर सुधारित विवरणपत्राची मुदत हीच खरी मुदत.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंते यांच्यासाठी कलम 44ADA ची अनुमानित पद्धत आहे. एकूण जमेच्या निम्मे उत्पन्न धरायचे आणि खर्चाचा तपशील द्यायचा नाही. तिथे उरलेल्या निम्म्यात पेट्रोल, विमा, घसारा सारे आले. निम्मे उत्पन्न दाखवून त्यातून पुन्हा गाडीचा खर्च वजा करणारी विवरणपत्रे भरली जातात, तीही याच मार्गाने सुधारावी लागतात. आपल्या विमा प्रतिनिधीला ही सोपी वाट नव्हती. त्याचा पेशा त्या यादीत नाही आणि कमिशनवर जगणाऱ्याला व्यापाऱ्यांसाठीचे कलम 44AD ही लागू होत नाही. त्याला पै-पैचा हिशेबच ठेवायचा होता.

आणि हिशेब ठेवणे ही काही इंग्रजांनी आणलेली रीत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी आषाढात वर्षाचे हिशेब घेऊन हजर राहावे, असा दंडक आहे. आपल्या आजोबांच्या पिढीतील किराणा दुकानदारसुद्धा गल्ल्यातून घरच्या भाजीला पैसे काढले तर कीर्दीत ‘घरखर्च’ म्हणून नावे टाकत असे. ती एक ओळ लिहिण्याची सवय गेली आणि त्या जागी मार्चअखेर पावत्यांची पिशवी आली.

त्या गृहस्थाने डिसेंबर 2023 च्या दुसऱ्या आठवड्यात कर भरला आणि सुधारित विवरणपत्र दाखल केले. काम तेवढ्यावर संपले नाही. मूळ विवरणपत्रातून गाडीची शिल्लक किंमत 6,80,000 रुपये अशी पुढे जाणार होती. घसाराच चुकला होता म्हणून पुढच्या वर्षाची सुरुवातही चुकली असती. ती आधीच बदलून घ्यावी लागली. 2023-24 च्या वर्षासाठी त्याने गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवली. तारीख, कोठून कोठे, कशासाठी, किलोमीटर, एवढे चार रकाने. त्या वर्षी व्यवसायाचे प्रमाण 64 टक्क्यांवर आले, कारण मुलगी पुण्याला शिकायला गेली होती आणि महिन्यातून एक फेरी तिच्याकडे होत होती. ती 64 टक्केच लिहिली गेली.

1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा, 2025 लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या वर्षांतील चुका मात्र 1961 च्या कायद्यानेच सुधारायच्या आहेत. 2022-23 या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र ज्यांनी अजून उघडून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी अद्ययावत विवरणपत्राची शेवटची तारीख 31 मार्च 2028 ही आहे.